रुपरावकाकांचं विलायती अंडं

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नव्हता आणि माझ्या डोक्यावर एकही केस नव्हता. दोन्ही गोष्टी रुपरावकाकांमुळे झाल्या होत्या. काकांना मूलबाळ नाही, म्हणून त्यांचं क्रियाकर्म पुतण्याच्या, म्हणजे माझ्या गळ्यात आलं. मी वीज मंडळाच्या कचेरीत कारकून आहे. माझ्या हातून साधी फाईल पुढे सरकत नाही, तिथे एक अख्खा आत्मा पुढे सरकवायची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली. मे महिन्याचं ऊन, ताजं भादरलेलं डोकं, अंगावर ओलं धोतर आणि आमच्या नंदनवन वस्तीच्या मागे नदीकाठी मातीत उकिडवं बसणं. धोतर तेवढं बघता बघता वाळलं.

कावळे नव्हते असं नाही. देवळामागच्या पिंपळावर फांदीफांदीवर बसले होते. हेच कावळे एरवी काकूच्या गच्चीवरचे पापड पळवतात आणि वर शिव्या दिल्यासारखे ओरडतात. आज एकाच्याही तोंडून आवाज निघत नव्हता. सगळे आमच्याकडे पाठ करून बसले होते. मधूनच मला वाटायचं की ते माझ्याकडे बघतायत, पण मान वळवली की पुन्हा पाठीच दिसायच्या. मी हे कोणाला बोललो नाही. नुकतंच डोकं भादरलेल्या माणसाने असलं काही सांगितलं तर लोक त्याला कांदा हुंगायला देतात.

मंडळी एकेक करून पुढे येत होती आणि हात जोडून काकांची समजूत घालत होती. "रुपराव, घराची फिकर नोका करू." कावळा आला नाही. "वहिनीले आम्ही पाहू." कावळा आला नाही. कोणी बिडीचं बंडल ठेवलं, कोणी बशीत चहा ओतून ठेवला. मग शेजारचे बाबाराव पुढे सरसावले. बाबाराव हे बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. नंदनवनात कोणाच्याही घरी खिळा ठोकायचा झाला तरी ते येऊन उभे राहतात आणि तो चुकीच्या जागी ठोकला जातोय असं सांगतात. त्यांनी एक डोळा मिटून पिंडाकडे पाहिलं. "लेव्हल चुकली," ते म्हणाले. "पिंड एका अंगाले कलून राह्यलं. कावळा उतरन कसा?" पिंड सरळ केलं. कावळा उतरला नाही.

महाराजांना दुसरीकडे आणखी एक दहावं होतं. ते दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. शेवटी त्यांनी दर्भाची जुडी उचलली. "दर्भाचा कावळा करतो. तो शिववला की मोकळे. शास्त्रात सोय आहे."

"माह्या माणसाले गवताचा कावळा नाई चालत," मागून आवाज आला.

ही प्रयागकाकू. आमच्याकडे बायका घाटावर येत नाहीत. काकू आली होती. पाण्याचा तांब्या घेऊन दगडावर बसली होती आणि कावळा शिवेपर्यंत त्यातला थेंबही तोंडात घेणार नाही असं तिने सकाळीच जाहीर केलं होतं. सत्तरीची बाई, वर आग ओकणारं आभाळ, आणि तांब्या तसाच भरलेला. काकू एकदा बोलली की देवही तिला वळवू शकत नाही. काकांनी तर प्रयत्नही सोडून दिला होता. मला दुसरीच भीती वाटत होती. काका गेल्यापासून काकूच्या डोळ्यांतून एक टिपूस आलं नव्हतं. आळीतल्या बायका तिला जवळ घेऊन "रडून घे वं" म्हणायच्या आणि ती त्यांनाच चहा करून पाजायची. मला वाटत होतं, आज काकांचा निकाल लागला नाही तर काकूला इथूनच उचलून न्यावं लागेल.

ती पिंडाकडे पाहून म्हणाली, "त्याइचं एक राह्यलं हाय. इस्कॉच अंडं."

हे ऐकून महाराजांनी कान टवकारले. "घाटावर दारू नाही चालायची."

दारूचा इथे काही संबंध नव्हता; इस्कॉच अंडं हा साहेब लोकांचा खायचा पदार्थ. काकांनी उमेदीची वर्षं कामठीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा म्हणून काढली. साहेब गेला, छावणी बदलली, काकांनी पुढे घर बांधलं, पण त्या स्वयंपाकघरातून ते मनाने बाहेर आलेच नाहीत. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक तिथल्याच एका सुरीने नेलं होतं. ते टोक कटलेटात गेलं आणि साहेबाने ते कटलेट पुन्हा मागून घेतलं, असं ते पाहुण्यांना जेवताना सांगायचे. दळण घरी आलं की चिमूटभर पीठ त्या दीड बोटात घेऊन अंगठ्याने चोळायचे आणि म्हणायचे, "जाडं आलं." काकू म्हणायची, "बारीकच हाय." हा तंटा त्यांच्या लग्नाइतका जुना होता. आणि खानसाम्याची एक सवय त्यांची कधी सुटली नाही. आधी दुसऱ्याने पहिला घास घ्यायचा, काका उभे राहून त्याचं तोंड बघणार, मग स्वतः पाटावर बसणार.

ते विलायती अंडं त्यांना काकूला करून घालायचं होतं. "एक डाव खाऊन तं पाय," ते म्हणायचे. पण काकूच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडं तिच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही.

"पण करन कोण?" भैय्याजी म्हणाले. हे माझे सासरे. गरीब माणूस, मनात काही नसतं.

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. "अंडं उकडायचं, भोवती खिमा थापायचा, वरून पावाचा चुरा आणि तळायचं. काकांनी मला शंभरदा सांगितलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कचेरीत मी कधीही कुठल्या कामाची माहिती आहे असं कबूल करत नाही, ते यासाठीच. काकू म्हणाली, "मंग जाय गा गोविंदा. माळ माह्या गळ्यात हाय, घराच्या गळ्यात नाई. अन् क्रिया तुह्या हातची हाय, तं अंडंबी तुह्याच हातचं पायजे."

महाराजांनी लगेच हरकत घेतली. सुतकात कढई चढवायची नसते. यावर बरीच चर्चा झाली. अंगणात चढवली तर? नाही. शेजाऱ्याच्या घरी? शेजाऱ्याला सुतक लागेल. बाबाराव दोन पावलं मागे सरकले. शेवटी महाराजांनीच तोड काढली. पातेलं चढवायला हरकत नाही. पातेल्यात तेल तापवून त्यात काही टाकलं तर ते तळण होत नाही, कारण कढई नाही. हा निकाल ऐकून मला वाटलं, हा माणूस आमच्या मंडळात असता तर फार वर गेला असता.

अशा रीतीने मी धोतरावर, उघड्या अंगाने, कपाळाला भस्म आणि बोटात दर्भाचं पवित्र अशा थाटात लॅम्ब्रेटावर बसून मोमिनपुऱ्यात खिमा आणायला गेलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं अर्धी मिटलेली, फळ्यांच्या आड माणसं पेंगलेली, आणि त्या फुफाट्यात माझ्या स्कूटरचा फटफट आवाज भिंतींवरून परत येत होता. मागे कोणीतरी बसलंय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं. स्कूटर एरवी एवढी जड चालत नाही.

मटणवाल्याने मला पाहिलं आणि हातातला सुरा खाली ठेवला. "महाराज, आप? यहाँ?"

"पाव किलो खिमा," मी म्हणालो.

त्याने हात धुतले, खिमा कुटला, पुडी बांधली आणि ती माझ्या हातात न देता फळीवर ठेवून मागे सरकला. "और साथ में किसको लाए हो?" त्याने हळूच विचारलं. माझ्यासोबत कोणी नव्हतं. मी तसं सांगितलं. तो माझ्या खांद्यामागे बघत म्हणाला, "जैसी आपकी मर्ज़ी." अंडीवाल्या जिजाबाईने तर मला बघून चारही अंडी पदरात धरून ओवाळली आणि मग दिली. मी सरकारी नोकर आहे असं तिला सांगावंसं वाटलं, पण त्या वेशात मी ते कुठल्या तोंडाने सांगणार? वाटेत बेकरीतून शिळा पाव घेतला. काकूच्या घराशी पोचेपर्यंत खड्ड्याने एक अंडं नेलं होतं.

बाबाराव माझ्या आधीच सायकलरिक्षाने येऊन काकूच्या अंगणात, खिडकीखाली खुर्ची टाकून बसले होते. सुतकाच्या घरात ते पाऊल टाकणार नव्हते, पण सल्ला खिडकीतून आत जाऊ शकतो अशी त्यांची समजूत होती. मी कुलूप काढलं. घरात अंधार आणि गारवा होता. काका गेले त्या जागी दिवा तेवत होता, शेजारी पालथी टोपली. मी स्टोव्हला पंप मारला.

"हे पाय गोविंदा," बाहेरून बाबाराव सुरू झाले, "अंडं म्हणजे पाया. पाया हालला का स्ट्रक्चर गेलं. अंडं अर्धा घंटा उकळू दे. जबलपूरले मी पाह्यलं हाय. अन् खिम्यात चुना... म्हणजे बेसन टाक, बेसन. बाइंडिंग पायजे."

मी बेसन टाकलं. खिमा अंड्याला चिकटण्याऐवजी माझ्या हातालाच चिकटला, कोपरापर्यंत. एक अंडं सोलताना हातून निसटून मोरीत गेलं. मी चिडून ओरडलो, "बाबाराव, तुमचं जबलपूर राहू द्या!" बाहेर शांतता झाली. मला जरा वाईट वाटलं. म्हातारा माणूस, एवढ्या उन्हात बसलाय. थोड्या वेळाने खिडकीतून बिडीचा वास आला आणि त्यापाठोपाठ आवाज, पण खालच्या पट्टीतला, जवळून आल्यासारखा.

"हात ओले कर."

मी हात ओले केले. खिमा सुटला.

"लय जाडा थापून राह्यला. बारीक कर. तळहातावर पसर, मंग अंडं मधात ठेव."

तसं केलं. बाबारावांना एवढं कळतं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. जबलपूरचा विषय निघाला नाही, पाया निघाला नाही, लेव्हल निघाली नाही. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

"अंड्याले अदूगर पीठ लाव. कोरडं. मंग धरते."

"पीठ कुठे शोधू आता?"

"समोरच तं हाय. टोपलीखाली."

मी टोपली उचलली. खाली परातीत सारखं पसरलेलं पीठ होतं. वाटी घेतली, कडेने दोन वाट्या काढलं, वाटीच्या पाठीने वरचं पुन्हा सारखं केलं आणि टोपली ठेवून दिली. अंडं पिठात लोळवलं, खिमा थापला, पावाच्या चुऱ्यात घोळवलं. "तेल तापलं नाई अजून," आवाज म्हणाला, "पावाचा कण टाकून पाय." कण टाकला. तो खाली बसला. मी थांबलो. पुन्हा टाकला, तो नाचत वर आला. पहिलं अंडं मी घाईने सोडलं आणि ते तेलात मधोमध उकललं; आतला पिवळा बलक माझ्याकडे डोळ्यासारखा बघत राहिला. दुसऱ्याला मी हाताने हळूच सोडलं. ते गोल, तांबूस, एकसारखं तळलं गेलं. इतकं सुंदर काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

"आता झालं," आवाज म्हणाला. त्यात समाधान होतं.

मी अंडं पळसाच्या द्रोणात घातलं आणि शाबासकी घ्यायला बाहेर आलो. अंगणात खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर ऊन पडलेलं होतं, आणि हात लावला तर चटका बसला.

घाटावर पोचलो तर बाबाराव पिंपळाखाली तोंडावर ओला टॉवेल घेऊन घोरत होते. मी त्यांना हलवलं. "तुम्ही इथे कधी आलात?"

"मी? तू ओरडला नं माह्यावर, तवाच उठलो," ते उठून बसत म्हणाले. "मले ऊन सहन होत नाई. अन् अपमान तं मुळीच नाई. काहून?"

"तुम्ही बिडी ओढता का?"

"हट," बाबाराव म्हणाले. "आमच्या घराण्यात कोणी नाई."

एवढ्या उन्हात माझ्या भादरलेल्या डोक्यावर काटा उभा राहिला. काटा उभा राहायला केस लागतात असा माझा समज होता. आणि त्याच क्षणी मला ती टोपली आठवली. गेलेल्या माणसाच्या जागी टोपलीखाली पीठ पसरून ठेवतात. त्यात त्याच्या पुढच्या जन्माचं पाऊल उमटतं म्हणतात. दहाव्याहून परत आल्यावर सगळ्यांसमोर टोपली उचलून ते पाऊल बघायचं असतं. आमच्या घराण्यात हे फार मानतात. आणि त्या पिठातल्या दोन वाट्या मी अंड्याला लावल्या होत्या.

बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात काकूने द्रोण माझ्या हातातून घेतला आणि पिंडासमोर ठेवला. दुसरं दहावं उरकून आलेले महाराज, भैय्याजी, सगळे पुढे सरकले. पिंपळावरचे कावळे एकदम वळले. सगळे, एका वेळी. मग एकेक करून खाली उतरले आणि पिंडाभोवती गोल करून बसले. कोणी चोच पुढे केली नाही. कोणी ओरडलं नाही. ते वाट बघत होते, आणि ते पिंडाकडे बघत नव्हते. काकूकडे बघत होते.

महाराज पुटपुटत मागे सरकले. काकू मात्र पुढे होऊन खाली बसली. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"आठवलं मले," ती म्हणाली. "थे कधी अदूगर खातच नव्हते. पयला घास दुसऱ्यानं घ्यायचा."

तिने अंडं हातात घेऊन मोडलं. तांबड्याच्या आत पांढरं, पांढऱ्याच्या आत पिवळं. "असं असते होय," ती म्हणाली. मग तिने गळ्यातली माळ काढून भैय्याजींच्या हातात दिली, डोळे मिटले आणि एक घास घेतला. त्या वेळी तिच्या जबड्याशिवाय काही हलत नव्हतं. पिंपळाचं पानसुद्धा नाही. तिने गिळलं. डोळे उघडले. समोरचा मोठा, काळाकुळकुळीत कावळा मान वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघत होता. तिने मान डोलावली, कसं झालंय ते पाहुण्याने सांगावं तशी. कावळा दोन उड्यांत पुढे आला, तिच्या तळहातावरचं उरलेलं अर्धं अंडं उचललं आणि उडाला. मग बाकीचे सगळे एकदम ओरडले.

काकूने चूळ भरली, माळ घातली आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. रडली मात्र नाही.

घरी आलो. मंडळी दिव्याभोवती गोल बसली; टोपली उचलायची म्हटल्यावर बाबारावही सुतक विसरून आत आले. मला राहवेना. "काकू," मी म्हणालो, "टोपली उचलायच्या आधी सांगतो. त्यातलं पीठ मी अंड्याला लावलं."

मग जे झालं ते मी सविस्तर सांगत नाही. महाराज म्हणाले, त्यांच्या हयातीत असा कर्ता त्यांनी पाहिला नाही. भैय्याजींनी कपाळावर हात मारला, आणि ते माझे सासरे असल्यामुळे तो जास्त जोरात लागला. बाबाराव म्हणाले, "पायाच खाल्ला यानं." मी सांगत होतो की कडेचं घेतलं, वाटीने घेतलं, वरून वाटीच्याच पाठीने सारखं केलं, बोटसुद्धा लावलं नाही. ऐकणार कोण?

काकूने स्वतः टोपली उचलली. पीठ सारखं होतं, मी केलं होतं तसं. मधोमध तेवढी चिमूटभर जागा खोल गेली होती.

"बोट नाई लावलं म्हणे," बाबाराव म्हणाले. "हे कोणाचं हाय मंग?"

मी माझा हात परातीजवळ नेला. पिठात एका बाजूला अंगठ्याचा ठसा होता. दुसऱ्या बाजूला मधलं बोट पूर्ण उमटलेलं, आणि त्याच्या शेजारचं अर्धंच. माझी दहाही बोटं शाबूत आहेत. मी हात मागे घेतला. बाबाराव काही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग असावा. दिव्याची वात जराशी हलली.

काकू वाकून पाहत राहिली. "पाह्यलं का," ती म्हणाली, "जाता जाताबी पीठ तपासूनच गेले. माह्या दळणावर कधी भरोसाच नव्हता याइचा." एवढं बोलून तिचा आवाज फुटला आणि ती परातीवर डोकं टेकवून रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी. कोणी तिला थांबवलं नाही.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं, त्या खोलगट जागेशेजारचं थोडं पीठ बोटांत घेऊन चोळलं आणि कोणाकडेच न बघता म्हणाली, "या बारीचं दळण होतंच थोडं जाडं."